गृहकर्जावर घेतलेलं जादा व्याज: बँकेकडे हिशेब मागायचा कोणी?

डिचोलीकर (धागाकर्ता)
१२ ऑक्टोबर २०२५

आमच्या घरात दोन गृहकर्जं चालू आहेत. माझं २०१३ चं, धाकट्या भावाचं २०२१ चं. बँक एक, शाखा एक, दोघांचे पगारही त्याच शाखेत जमा होतात. यंदा फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, तीन टप्प्यांत ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. भावाचा व्याजदर ९.१५ होता, तो ८.१५ झाला. माझा दहाच्या वर होता, तो दहाच्या वरच राहिला. शाखेत विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमचं कर्ज अजून बेस रेटवर आहे. नव्या पद्धतीत यायचं असेल तर अर्ज करा, फी भरा."

ही नवी पद्धत, म्हणजे कर्जाचा दर रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधण्याची, ऑक्टोबर २०१९ पासून आहे. इतक्या वर्षांत विमा घ्या, क्रेडिट कार्ड घ्या, टॉप-अप घ्या असे मेसेज बँकेकडून येत राहिले. तुमचं व्याज कमी होऊ शकतं, हा मेसेज कधी आला नाही.

माझ्यासारखे गोव्यात किती असतील? त्यांच्याकडून जास्तीचे घेतलेले पैसे शोधून परत करण्याची जबाबदारी कोणाची? त्यासाठी हा धागा.

ज्यांना या पद्धतींचा गोंधळ वाटतो त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी बीपीएलआर, म्हणजे बँकेचा मूळ कर्जदर, होता. जुलै २०१० पासून बेस रेट आला. एप्रिल २०१६ पासून एमसीएलआर, म्हणजे बँकेला पैसा उभा करायला येणाऱ्या खर्चावरून काढलेला दर. हे तिन्ही दर बँक स्वतःच्या हिशेबाने ठरवते. बाजारात व्याज वाढलं की ते लगेच वर जायचे, उतरलं की खाली यायला वेळ लागायचा. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच एका अंतर्गत अभ्यासगटाने, डॉ. जनक राज त्याचे अध्यक्ष होते, हे सगळं तपासलं. बँका बेस रेट आणि एमसीएलआर काढताना ठरलेल्या सूत्रापासून मनाला येईल तशा बाजूला जातात, त्या दरावर चढवलेला जादा टक्का, म्हणजे स्प्रेड, तोही हवा तसा लावतात, असं त्या अहवालात नोंदवलेलं आहे. म्हणून तर बँकेच्या हाताबाहेरचा दर हवा असं ठरलं आणि नव्या फ्लोटिंग (बदलत्या दराच्या) गृहकर्जांना रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधण्यात आलं.

जुन्या कर्जदारांना मात्र आपोआप हलवलं नाही. ज्याने विचारलं तो गेला, ज्याला माहीत नव्हतं तो राहिला. माझा सगळा आक्षेप याच एका गोष्टीवर आहे. चूक किंवा जादा आकारणी बँकेच्या वहीत असते, बँकेच्या संगणकात ती एका मिनिटात दिसते, आणि शोधायची मात्र ग्राहकाने.

एक टक्क्याने काय होतं ते सांगतो. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता २६,०३५ रुपये. साडेनऊ टक्क्यांनी २७,९६४. महिन्याला एकोणीसशेचा फरक, पूर्ण मुदतीत ४ लाख ६३ हजार. पण बँक बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवते आणि मुदत वाढवते. तो हिशेब केलात तर झोप उडेल. तोच २६,०३५ चा हप्ता साडेनऊ टक्क्यांनी भरत गेलात तर २४० ऐवजी जवळजवळ ३०९ हप्ते भरावे लागतात. म्हणजे पावणेसहा वर्षं जास्त आणि सुमारे १८ लाख रुपये जास्त. हप्ता बदलला नाही म्हणून घरात कोणाला पत्ताही लागत नाही.

ज्यांना असे अनुभव आले त्यांनी लिहा. बँकेचं नाव इथे नको, काय झालं तेवढं सांगा.

कुळागर
१२ ऑक्टोबर, रात्री

डिचोलीकरदादा, धागा वेळेवर काढलात. माझा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे.

आम्ही फोंड्यात जुना फ्लॅट घेतला. कर्ज मंजूर झालं, बँकेने विकणाऱ्याच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट काढला. गोव्यात विक्रीच्या दस्तावर नवरा-बायको दोघांची सही लागते, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. विकणाऱ्यांच्या पत्नी कुवेतला. मुखत्यारपत्र तिकडून यायचं, त्यात एक नाव चुकलेलं, पुन्हा पाठवा. सब-रजिस्ट्रारकडची नोंदणी लांबत गेली, महिना उलटला. तोवर ड्राफ्ट बँकेच्याच कपाटात. आमच्या हातात फ्लॅट नाही, विकणाऱ्याच्या हातात पैसे नाहीत. आणि व्याज? ड्राफ्टच्या तारखेपासून चालू! पहिल्या स्टेटमेंटमध्ये अठरा हजारांच्या वर रक्कम दिसली. शाखेत म्हणाले, "सिस्टीम तशीच लावते, मॅडम."

नंतर माझ्या मामेभावाने रिझर्व्ह बँकेचं २९ एप्रिल २०२४ चं परिपत्रक दाखवलं. त्यात हेच प्रकार एकेक करून लिहिले आहेत: कर्ज मंजूर झालं किंवा करारावर सही झाली त्या दिवसापासून व्याज लावणं, चेक ग्राहकाला उशिरा देऊनही चेकवरच्या तारखेपासून व्याज धरणं, महिन्याच्या मधेच पैसे दिले किंवा फेडले तरी अख्ख्या महिन्याचं व्याज घेणं, एक-दोन हप्ते आगाऊ कापून घेऊनही पूर्ण रकमेवर व्याज लावणं. तपासणीत हे सापडलं, ते योग्य नाही, आणि जादा घेतलेलं व्याज ग्राहकांना परत करायला सांगितलं आहे, असं त्यात स्पष्ट आहे. मी परिपत्रकाची प्रत जोडून पत्र दिलं, पोच घेतली. पैसे खात्यात आले. कारण सांगितलं नाही की चूक झाली असं म्हटलं नाही.

त्याच काळात त्याच शाखेतून कर्ज घेतलेले आमच्या इमारतीत आणखी तिघे आहेत. त्यांना काही परत आलं नाही, कारण त्यांनी पत्र दिलं नव्हतं. एकाचे पैसे परत करताना बाकीच्यांची खाती उघडून बघायला काय हरकत होती? मला याचा फार राग आला आणि अजून आहे.

निवृत्त_रोखपाल
१३ ऑक्टोबर, सकाळी

म्हापशात बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची काही कर्ज विभागात. दोन्ही बाजू बघितल्या आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

शाखेतला माणूस दर ठरवत नाही. दर, स्प्रेड, रिसेटची (दर नव्याने लावण्याची) तारीख हे सगळं मुख्य कार्यालयातून येतं. शाखेला टार्गेट असतं ते नव्या कर्जाचं. जुन्या ग्राहकाचा दर कमी करून दिला म्हणून कोणाची पाठ थोपटली गेल्याचं मी पाहिलं नाही. ग्राहक दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र घेऊन आला की मात्र त्याच दिवशी दर कमी व्हायचा. म्हणजे दर कमी करणं शक्य होतंच.

आता तुमच्या हातातले कागद. मंजुरीपत्र काढा. त्यात तीन गोष्टी शोधा: कोणत्या दराशी कर्ज बांधलंय, स्प्रेड किती, रिसेट दर किती महिन्यांनी. रेपोशी बांधलेल्या कर्जात किमान तीन महिन्यांतून एकदा रिसेट झालाच पाहिजे. रेपो जूनमध्ये उतरला आणि तुमचा दर सप्टेंबरात उतरला, तर ती फसवणूक नव्हे, रिसेटची तारीख तशी असू शकते. सप्टेंबर गेला तरी जुनाच दर असेल तर विचारा.

स्प्रेड ही खरी जागा. त्यातला कर्जदाराची पत बघून लावलेला भाग बँकेने मधेच वाढवायचा नसतो. तुमची पत मोठ्या प्रमाणात घसरली असेल आणि ते करारात लिहिलेलं असेल तरच. बाकीचे घटक तीन वर्षांतून एकदाच बदलता येतात. या महिन्यापासून एवढी सूट दिली आहे की ग्राहकाच्या फायद्यासाठी ते तीन वर्षांच्या आधीही कमी करता येतील. रेपो एक टक्का उतरला आणि तुमचा दर पाऊण टक्काच उतरला, तर मधला पाव टक्का कुठे गेला याचं उत्तर स्प्रेडमध्येच सापडतं.

डिचोलीकर, तुमच्यासाठी महत्त्वाचं. रिझर्व्ह बँकेचं ४ सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक वाचा. ज्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा आकार लागत नाही, अशा कर्जदाराला नव्या पद्धतीत जाताना वाजवी प्रशासकीय आणि कायदेशीर खर्चाखेरीज फी लावता येत नाही. आणि नंतरचा दर त्याच प्रकारच्या, तेवढ्याच मुदतीच्या आणि रकमेच्या नव्या कर्जाला जो असेल तोच ठेवावा लागतो. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जाला बँकांनी मुदतपूर्व फेडीचा आकार घ्यायचा नाही हे तर २०१२ पासूनच आहे. तेव्हा फी मागितली तर आधी विचारा, कोणत्या खर्चाची, आणि लेखी घ्या.

मांडवीपार
१३ ऑक्टोबर, दुपारी

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

करारावर सही आपण केली. बेस रेटचं कर्ज घेतलं तेव्हा तोच दर चालू होता, तेव्हा कोणी जबरदस्ती केली नव्हती. दुसरं, बँकेकडे पैसा येतो तो ठेवींतून. माझ्या सासऱ्यांसारखे पर्वरीतले कितीतरी निवृत्त लोक मुदत ठेवीच्या व्याजावर घर चालवतात. त्यांची ठेव पाच वर्षांसाठी साडेसात टक्क्यांनी बांधलेली. रेपो उतरला म्हणून त्यांचं व्याज लगेच उतरत नाही, मग बँकेने कर्जाचं लगेच कसं उतरवायचं? बेस रेट सावकाश हलतो त्याचं हेही एक कारण आहे.

चुकीचं व्याज लावलं असेल तर परत मिळालंच पाहिजे, कुळागरताईंच्या बाबतीत बँक शंभर टक्के चुकली. पण महाग करार आणि चुकीची आकारणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र केल्या तर आपली बाजू कमजोर होईल.

डिचोलीकर
१३ ऑक्टोबर, रात्री

मांडवीपार, राग कसला, मुद्दा योग्य आहे. ठेवीदारांचं म्हणणं मला पटतं, माझे वडीलही त्यांतलेच.

पण एक बघा. माझ्या भावाला ८.१५ ने दिलेला पैसा आणि माझ्याकडून दहाच्या वर व्याज घेतलेला पैसा एकाच तिजोरीतून आला आहे. त्याच ठेवी, तीच शाखा, तेवढाच खर्च. मी तर अकरा वर्षं एकही हप्ता न चुकवलेला, म्हणजे धोका माझ्यात कमी. तरी जास्त दर मला. तो फरक सासऱ्यांच्या व्याजात जात नाही.

आणि कराराचंच बोलायचं तर फ्लोटिंग म्हणजे बाजाराबरोबर वर-खाली होणारा दर, असं समजून आम्ही सही केली. वर जाताना तो वेळेवर गेला. २०२२ च्या मे महिन्यापासून रेपो ४ वरून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ६.५० वर गेला, तेव्हा कोणाही बँकेने ठेवी जुन्या दराच्या आहेत म्हणून कर्जाचे दर थांबवून ठेवल्याचं मला आठवत नाही.

लिफीकाठ
१३ ऑक्टोबर, रात्री उशिरा

मी मूळची साखळीची, पोर्तुगीज पासपोर्टवर इथे डब्लिनला आले, हॉस्पिटलात काम करते. धागा वाचून राहवलं नाही, कारण या देशात नेमका हाच वाद होऊन गेला आहे आणि त्यातून आपल्याला घेण्यासारखं बरंच आहे.

इथे ट्रॅकर नावाची गृहकर्जं होती. युरोपियन सेंट्रल बँकेचा दर अधिक ठरलेला छोटा स्प्रेड, आपल्या रेपोवाल्या कर्जासारखंच. २००८ च्या जुलैत तो दर ४.२५ होता, २००९ च्या मेपर्यंत १ टक्क्यावर आला. बँकांना ही कर्जं तोट्याची झाली. मग काय झालं? ज्यांनी काही वर्षांसाठी स्थिर दर घेतला होता आणि मुदत संपल्यावर ट्रॅकरवर परतण्याचा ज्यांना करारानुसार हक्क होता, अशा लोकांना तो दिलाच नाही. काहींना जास्त स्प्रेड लावला. माझ्या वॉर्डातली एक आयरिश सहकारी त्यांतली एक. ती वर्षानुवर्षं जास्त हप्ता भरत राहिली, बँक म्हणायची, तुमचा हक्क नाही.

सुरुवातीला इथेही एकेकट्याने तक्रार करायची, लोकपालाकडे जायचं, कोर्टात जायचं, असंच चाललं. मग २०१५ च्या डिसेंबरमध्ये सेंट्रल बँक ऑफ आयर्लंडने सगळ्या कर्ज देणाऱ्यांना हुकूम दिला: तुमची सगळी खाती तुम्ही स्वतः तपासा. तक्रार आलेली असो वा नसो. कोणावर अन्याय झाला ते शोधा, आधी त्यांच्यावरची जादा वसुली थांबवा, मग पैसे परत करा, वर भरपाई द्या. तपासणीवर बाहेरचे स्वतंत्र लोक बसवले. भरपाईचा चेक वटवला तरी अपील करायचा हक्क जात नव्हता, त्यासाठी बारा महिने होते.

तरी बँकांनी टाळाटाळ केली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये काही ग्राहक संसदेच्या अर्थ समितीसमोर येऊन बोलले, आपल्या घरात काय झालं ते त्यांनी सांगितलं. त्यानंतर अर्थमंत्र्यांनी बँकांच्या प्रमुखांना बोलावून घेतलं आणि बाधित खात्यांचा आकडा वाढत गेला. जुलै २०१९ च्या अंतिम अहवालात तो ४० हजारांच्या वर होता आणि परत केलेली रक्कम ६८ कोटी युरोंच्या वर. कित्येकांची घरं या काळात गेली होती, ती पैशाने परत आली नाहीत. पुढे दंडही झाले. २०२२ मध्ये एकट्या बँक ऑफ आयर्लंडला १० कोटी युरोंच्या वर.

माझ्या सहकारीणीने शेवटी पत्र लिहिलंच नव्हतं. बँकेचं पत्र तिच्या घरी आलं.

काळा_कोट
१४ ऑक्टोबर

लिफीकाठताईंचा प्रतिसाद फार मोलाचा. मडगावात वकिली करते, ग्राहक आयोगातली प्रकरणं बघते, म्हणून आपल्याकडच्या वाटा सांगते.

पहिलं, बँकेला लेखी तक्रार. शाखेत द्या किंवा ईमेल करा, पण पोच किंवा तक्रार क्रमांक हवाच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. २०२१ च्या एकात्मिक योजनेत ती एकाच पोर्टलवर होते, फी नाही, वकील लागत नाही. बँकेचं उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत करा. नुकसानापोटी २० लाखांपर्यंत आणि मनस्तापासाठी वेगळे १ लाखापर्यंत देवविण्याचा त्यांना अधिकार आहे.

इथे मांडवीपार यांचा मुद्दा कामी येतो. बँकेच्या व्यावसायिक निर्णयाबद्दलची तक्रार लोकपाल घेत नाही. "माझा दर जास्त आहे" असं लिहिलंत तर तक्रार पहिल्याच पायरीवर बंद होईल. "अमुक तारखेच्या परिपत्रकात असं सांगितलं आहे, माझ्या खात्यात तसं केलं नाही, त्यामुळे इतकं जादा व्याज गेलं" असं लिहा. सोबत स्टेटमेंट आणि मंजुरीपत्र. सगळी ताकद या एका वाक्यात आहे, म्हणून ते नीट लिहा.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. उत्तर गोव्याचा पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, बँकेचं मुख्यालय मुंबईत असलं तरी. मुदत दोन वर्षांची. दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका, आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही.

व्याज परत मिळण्याचा मोठा निकाल आपल्याकडेही झालेला आहे. करोनाच्या काळात मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते थांबवण्याची सवलत होती, त्या काळातल्या व्याजावरचं व्याज घेऊ नये, घेतलं असेल तर परत करा किंवा पुढच्या हप्त्यात वळतं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ ला सांगितलं. त्या वेळी प्रत्येकाला वेगळा अर्ज करावा लागला नव्हता. म्हणजे सगळ्या खात्यांत एकदम पैसे परत करणं आपल्या बँकांना जमतं.

पेडणेकरीण
१४ ऑक्टोबर

ताई, आमचं कर्ज बँकेचं नाही, हाउसिंग फायनान्स कंपनीचं आहे. हे सगळं आम्हाला लागू आहे का? आमची मुदत मला न विचारता वाढवली आहे. कर्ज फिटेपर्यंत नवरा सत्तरीच्या पुढे जाईल.

काळा_कोट
१४ ऑक्टोबर

रेपोशी बांधण्याचा नियम बँकांना आहे, हाउसिंग फायनान्स कंपन्यांना नाही. त्या आपल्या स्वतःच्या दराने चालतात. लोकपालाची योजनाही त्यांना लागू नाही, तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर करायची. मुदतपूर्व फेडीचा आकार फ्लोटिंग कर्जावर तिथेही घेता येत नाही, त्यामुळे बँकेत कर्ज हलवायची वाट मोकळी आहे.

मुदत वाढवण्याबद्दल मात्र १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक दोघांनाही लागू आहे. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही, ही निवड तुमची. दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट द्यायचं, त्यात आतापर्यंत मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले, वार्षिक दर किती, हे सगळं हवं. मुदत इतकी ताणायची नाही की हप्त्यातून महिन्याचं व्याजही भागणार नाही. तुम्हाला विचारलं नसेल तर हीच तारीख घालून पत्र लिहा आणि हप्ता वाढवून मुदत पूर्ववत करायची मागणी करा.

साळावली
१४ ऑक्टोबर, रात्री

व्याजाबरोबर किरकोळ आकारांकडेही बघा. आमच्या सांग्यातल्या एका शेजाऱ्याच्या कर्जात सरसाईच्या, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतल्या, नोंदणीसाठी म्हणून हजारांत रक्कम लावली होती. पाच लाखांवरच्या कर्जाला ती सरकारी फी १०० रुपये आहे. सर्च रिपोर्टसाठी वकिलाची फी, मूल्यांकनाची फी, ही समजू शकते. गोव्यात जुन्या घराचे हिस्सेदार, वाटण्या, मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) हक्क, हे तपासायला वकिलाला खरंच वेळ लागतो. पण प्रत्येक रकमेची पावती मागा.

आणि विमा! कर्जासोबत एकरकमी प्रीमियमचा विमा गळ्यात मारतात, तो प्रीमियम कर्जात मिळवतात आणि वीस वर्षं त्यावर व्याज घेतात. विमा घेतला नाही तर कर्ज नाही, असं सांगणं चूक आहे. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना मुख्य तथ्य विवरण (कर्जाचा दर आणि सगळे आकार लिहिलेला कागद) द्यावं लागतं. त्यात नसलेला आकार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. नवीन घेणाऱ्यांनी तो कागद जपून ठेवावा.

निवृत्त_रोखपाल
१५ ऑक्टोबर

साळावली, बरोबर. आणखी दोन गोष्टी. हप्ता चुकला तर पूर्वी दंडव्याज लावायचे आणि ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज. २०२४ पासून दंड हा फक्त आकार म्हणून घ्यायचा, त्यावर व्याज नाही. जुन्या स्टेटमेंटमध्ये आणि नव्यात फरक पडलाय का ते बघा.

दुसरं, कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये. डिसेंबर २०२३ पासून. हा नियम मला फार आवडतो. त्यात ग्राहकाने नुकसान सिद्ध करत बसायचं नाही. दिवस मोजले की रक्कम निघाली. जादा व्याजालाही असाच नियम असता तर सिस्टीम आपोआप नीट लागल्या असत्या.

मांडवीपार
१५ ऑक्टोबर

रोखपालकाका, हे पटलं. आयर्लंडचंही पटलं, कारण तिथे करारातला हक्क नाकारला होता. बेस रेटच्या बाबतीत करार मोडला असं मी अजून मानत नाही. पण पर्याय आहे हे ग्राहकाला कळवलंच पाहिजे, हे मान्य. ते कळवायला बँकेला किती खर्च येतो? एक मेसेज.

काळा_कोट
१५ ऑक्टोबर

मी एक सुचवते. एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानंतर किती बँकांनी किती ग्राहकांना किती पैसे परत केले, हे ग्राहकांना समजायला हवं. माहितीच्या अधिकारात रिझर्व्ह बँकेला अर्ज करता येतो, दहा रुपये फी, ऑनलाइन होतो. बँकांच्या तपासणीची माहिती देता येणार नाही असं रिझर्व्ह बँक पूर्वी सांगायची. १६ डिसेंबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात तो आडोसा काढून टाकला आहे. नकार आला तर अपील करू, ते मी लिहून देईन, फी न घेता.

डिचोलीकर
१६ ऑक्टोबर

सगळ्यांचे आभार. काल मी ४ सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाची प्रत जोडून शाखेत पत्र दिलं, पोच घेतली. त्यात दोन गोष्टी मागितल्या आहेत: आजच्या नव्या कर्जाइतका दर, आणि मागितलेली फी कोणत्या खर्चाची याचा लेखी तपशील. काय होतं ते इथेच लिहीन.

माहितीच्या अधिकारातल्या अर्जाचा मसुदा खाली देतो. सुधारणा सांगा, दिवाळी झाली की पाठवू.

"१. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानंतर व्याजाची जादा आकारणी म्हणून बँकांनी ग्राहकांना परत केलेली रक्कम आणि अशा खात्यांची संख्या, बँकनिहाय.
२. बीपीएलआर, बेस रेट आणि एमसीएलआर यांवर आज चालू असलेल्या वैयक्तिक गृहकर्ज खात्यांची संख्या, बँकनिहाय, आणि गोव्यातील शाखांची आकडेवारी असल्यास तीही.
३. जादा आकारणी आढळल्यावर तक्रार न केलेल्या ग्राहकांची खाती तपासण्याचे निर्देश बँकांना दिले असल्यास त्यांची प्रत."

कुळागर
१६ ऑक्टोबर

तिसरा प्रश्न पहिला करा. आणि "बँकांना" च्या जागी "बँका, नागरी सहकारी बँका आणि हाउसिंग फायनान्स कंपन्यांना" असं घाला, नाहीतर पेडणेकरीणताई बाहेर राहतील. आमच्या इमारतीतल्या तिघांना हा धागा पाठवला आहे. त्यांची स्टेटमेंटं शनिवारी बघायला बसणार आहोत.